इंजिनीअरिंगचं कॉलेज शोधायची साधनं: काय वापरावं, काय सोडावं (नागपूर)

इंजिनीअरिंगला अर्ज भरायच्या आधी कॉलेजची चौकशी करायला नागपुरात मुख्यतः चार साधनं हाताशी असतात: सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या कार्यालयाच्या) कट-ऑफच्या पीडीएफ, एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या संस्थांच्या क्रमवारीच्या) फाइली, मोबाइलवरची ‘कॉलेज प्रेडिक्टर’ ॲप आणि पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाचा अर्ज) भरून देणारे समुपदेशक. पहिली दोन फुकट आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत, पण नीट वाचता आली तर पुढच्या दोघांची फारशी गरज उरत नाही. ॲप काय आणि समुपदेशक काय, बराचसा माल तिथूनच उचलतात. म्हणून इथे जास्त जागा त्या फुकटच्या दोघांना.

कट-ऑफची पीडीएफ

कॅपची (राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची) प्रत्येक फेरी झाली की कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गाची शेवटची जागा किती गुणांवर गेली याची पीडीएफ सीईटी सेल टाकतो. शेकडो पानांची फाइल, बारीक टाइप, मोबाइलवर तर डोळ्यांचे हालच. पण प्रवेशाच्या बाबतीत यापेक्षा खरं कागदपत्र दुसरं नाही.

आधी एक काम करा: गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांच्या फाइली उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रवेशाची वेबसाइट दर वर्षी नवी निघते, पत्त्यातला सालाचा आकडा बदलतो, आणि जुनी साइट कधी बंद होईल याचा नेम नाही. यादी लागायच्या दिवशी साइट उघडता उघडत नाही, तेव्हा शोधायला बसण्यात अर्थ नसतो.

फाइलमध्ये शोधायला नावापेक्षा कोड बरा. नागपूर विभागातल्या कॉलेजांचे कोड ४ ने सुरू होतात (अमरावती १, पुणे ६). काही वर्षांच्या फाइलींत कोडच्या आधी एक शून्य जोडलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता एक चौकट वाचून बघू. रकान्यावर लिहिलंय ‘जीओपनएच’, खाली २१४५०, आणि त्याखाली कंसात ९१.३७ (आकडे नमुन्याचे). पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा. तिथे ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं: ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटीची (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, तिथल्याच विद्यार्थ्यांची) जागा, ‘ओ’ म्हणजे इतर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. वरचा आकडा राज्य गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल (परीक्षेत शंभरातले किती जण मागे आहेत, तो आकडा). डाव्या बाजूला रोमन अंकात वाटपाचा टप्पा असतो. पहिल्या टप्प्याची ओळच धरायची. पुढच्या टप्प्यांत न भरलेल्या जागा रूपांतर होऊन जातात, त्यामुळे तिथला आकडा बराच खाली आलेला दिसतो आणि उगाच आशा लागते.

होम युनिव्हर्सिटीचा घोळ विदर्भात जास्त होतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. चंद्रपूरच्या मुलीनं नागपूरच्या कॉलेजचा ‘एच’चा आकडा बघून यादी बनवली तर तिचा खरा रकाना ‘ओ’ निघू शकतो. शिवाय इथे साधारणपणे बारावी कुठून झाली ते ठिकाण धरतात, रेशनकार्डावरचा पत्ता नाही. कोण कुठल्या विद्यापीठात मोडतो याचा तक्ता त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतो. तेवढी दोन पानं वाचल्याशिवाय कट-ऑफ उघडू नये.

फाइल वाचताना चुका कुठे होतात, तेही सांगतो. पहिली, भलतीच फाइल उघडणं. एमएचटी-सीईटीवरची (राज्याच्या परीक्षेवरची) आणि जेईई मेनवरची (देशपातळीवरच्या परीक्षेवरची, ऑल इंडिया जागांची) अशा दोन वेगळ्या पीडीएफ असतात. दोन्हींत पर्सेंटाइलच लिहिलेलं असतं, पण ते वेगवेगळ्या परीक्षांचं. जेईईच्या फाइलीतले ८० बघून सीईटीतल्या ८० ला तीच शाखा मिळेल असं समजणारे दर वर्षी निघतात.

दुसरी, पर्सेंटाइलला पर्सेंटाइल लावून वर्षांची तुलना करणं. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा गुणवत्ता क्रमांक हजारोंनी सरकतो. तुलना क्रमांकाची करा. आणि ती करतानाही जागा तेवढ्याच आहेत ना हे बघा, कारण एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढून टाकली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या (एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी) जागा वाढल्या. १२० जागांवर लागलेला कट-ऑफ ३०० जागांना लावून चालत नाही. मंजूर जागा किती, हे कॉलेजच्या साइटवर एआयसीटीईच्या मान्यतेच्या पत्रात शाखेनुसार लिहिलेलं असतं. हे पत्र दर वर्षी नवं येतं. चालू वर्षाचं नसेल तर कॉलेजला फोन करून मागा.

तिसरी, टीएफडब्ल्यूएसच्या जागा न बघणं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, तिथे शिकवणी शुल्क माफ. त्यांचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’. मूळ शाखेचा कोड भरला म्हणजे टीएफडब्ल्यूएसही भरला गेला, असं नाही. दोन्ही वेगळे टाकावे लागतात. आणि माफी शिकवणी शुल्काची, विकास शुल्क वगैरे भरावंच लागतं.

चौथी, शेवटच्या फेरीच्या आकड्यावर भरवसा ठेवणं. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला, तर जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. चौथ्या फेरीत जे मिळेल ते. म्हणजे पर्यायांचा क्रम आता नुसता आवडीचा राहिला नाही. जिथे जायचंच नाही असं नाव ‘बघू तरी’ म्हणून वरच्या सहांत टाकलं तर ते गळ्यात पडतं. नियम दर वर्षी हलतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका बघूनच क्रम ठरवा.

या साधनाबद्दल तक्रार एकच, पण मोठी: एवढी मौल्यवान माहिती पीडीएफमध्ये कोंबण्याऐवजी साधी एक्सेल दिली असती तर समुपदेशकांची निम्मी दुकानं बसली असती.

जोसाची तालिका: व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटीसाठी

व्हीएनआयटी (नागपूरची एनआयटी; १९६० ची व्हीआरसीई, जुने नागपूरकर अजून तेच म्हणतात) आणि बुटीबोरीकडची ट्रिपल आयटी, दोन्हींचे प्रवेश जोसातून, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या देशपातळीवरच्या जागावाटपातून. जोसाची साइट मात्र वापरायला गुणाची: वर्ष, फेरी, संस्था, शाखा निवडली की सुरुवातीची आणि शेवटची रँक समोर.

दोन ठिकाणी घसरायला होतं. व्हीएनआयटीत निम्म्या जागा गृहराज्याच्या, निम्म्या बाहेरच्या, म्हणून ‘एचएस’ आणि ‘ओएस’ वेगळे दिसतात. ट्रिपल आयटीला गृहराज्याचा कोटा नाही, तिथे सगळ्यांना एकच रकाना. आणि राखीव प्रवर्गाच्या ओळीत लिहिलेली रँक ही त्या प्रवर्गातली असते, सामाईक यादीतली नव्हे. ओबीसीच्या ओळीतली ४००० आपल्या सामाईक रँकशी ताडून निराश होण्यात काही अर्थ नाही.

गृहराज्य इथेही बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण झालात त्यावरून ठरतं. राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी केलेल्या नागपूरच्या मुलाला घरापासून दोन किलोमीटरवरच्या व्हीएनआयटीत ‘बाहेरचा’ म्हणून रांगेत उभं राहावं लागतं. हा हिशेब दहावीनंतर करायचा असतो, जोसाच्या वेळी फार उशीर झालेला असतो.

एनआयआरएफ: रँक सोडा, फाइल उघडा

एनआयआरएफची पहिली यादी २०१६ साली आली. होर्डिंगवर जो क्रमांक झळकतो तो शंभर गुणांतून काढलेला असतो. इंजिनीअरिंगसाठी त्यातले ३० संशोधनाचे, १० लोकांच्या मनातल्या प्रतिमेचे. बी.टेक.ला जाणाऱ्या मुलाला या दोन्हींचा पहिल्या दिवसापासून उपयोग होईलच असं नाही. रँकवरून निवड करायची असेल तर हे साधन पाचात दोन गुणांचं.

पण प्रत्येक संस्थेच्या नावापुढे तिनं स्वतः भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ असते. तिला पाचात साडेचार. यादीत नसलेल्या कॉलेजची फाइल त्या कॉलेजच्या साइटवर, बहुतेकदा अगदी तळाशी, ‘एनआयआरएफ’ नावाच्या लिंकमागे सापडते. सापडलीच नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

त्यात ‘प्लेसमेंट आणि उच्च शिक्षण’ हा तक्ता बघा, तोही चार वर्षांच्या पदवीचा. समजा ओळीत असं आहे: पहिल्या वर्षाला प्रवेश ३६०, थेट दुसऱ्या वर्षाला ३६, वेळेत उत्तीर्ण २८०, नोकरी १५०, मध्यांक पगार (सगळे पगार क्रमानं लावले तर मधला) ४,८०,०००, उच्च शिक्षण २५. आता वजाबाकी करा. आत आलेल्या ३९६ पैकी ११६ जण वेळेत बाहेर पडले नाहीत. पास झालेल्या २८० पैकी १०५ जणांना ना नोकरी ना पुढचं शिक्षण. पास झालेल्यांत नोकरीचं प्रमाण ५४ टक्के, आत आलेल्यांत ३८. हेच कॉलेज माहितीपत्रकात ‘९० टक्के प्लेसमेंट’ कसं छापतं? बहुधा भाजक बदलून: ‘प्लेसमेंटला पात्र’ आणि ‘इच्छुक’ विद्यार्थीच मोजायचे, किंवा एकाच मुलाला मिळालेल्या तीन ऑफर तीन म्हणून धरायच्या. शिवाय तिथे सरासरी किंवा ‘सर्वोच्च पॅकेज’ लिहितात. एकाला ४० लाख मिळाले की सरासरी फुगते, मध्यांक जागचा हलत नाही. म्हणून फाइलमध्ये मध्यांक मागितला आहे.

हे साधन कुठे कमी पडतं, तेही बघायला हवं. आकडे शाखेनुसार नाहीत, सगळ्या शाखा एकत्र. सिव्हिलला जाणाऱ्याला कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांनी वर गेलेला मध्यांक दिसतो. शाखेचा आकडा हवा तर कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे मागायचा. संस्था एकाहून जास्त गटांत असेल तर ‘ओव्हरऑल’ची नव्हे, ‘इंजिनीअरिंग’ची फाइल घ्या, नाहीतर फार्मसीपासून व्यवस्थापनापर्यंत सगळी खिचडी. माहिती जुनीही असते: २०२५ च्या यादीत शेवटची तुकडी २०२३-२४ ला बाहेर पडलेली.

त्याच फाइलीत आणखी दोन पानं वाचण्यासारखी. एक खर्चाचं: प्रयोगशाळेतली नवी उपकरणं आणि सॉफ्टवेअर यांवर तीन वर्षांत किती गेले, आकड्यात आणि अक्षरी. विद्यार्थिसंख्येनं भागा, वर्षाला माणशी काही शेकड्यांतच रक्कम येत असेल तर जुन्याच संचावर प्रॅक्टिकल चालणार. दुसरं शिक्षकांच्या नावनिशीचं: पदवी, अनुभव महिन्यांत, रुजू झाल्याची तारीख. एआयसीटीईचं प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. नुसतं प्रमाण जुळतंय का बघून थांबू नका, रुजू तारखांवर नजर फिरवा. अर्धी यादी गेल्या वर्ष-दीड वर्षातली असेल तर तिथे माणसं टिकत नाहीत.

शुल्क

खासगी विनाअनुदानित कॉलेजचं शुल्क, शिकवणी अधिक विकास, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आपल्या साइटवर कॉलेजनुसार टाकतं. यात वसतिगृह, बस, परीक्षा शुल्क, अनामत नसते. नागपुरात बस मोठा खर्च आहे, कारण कॉलेजं गावाबाहेर पसरलेली: हिंगणा रोड, वानाडोंगरी, बुटीबोरी, काटोल रोड. मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्य नगरला, ऑरेंज लाइन खापरीला संपते. पुढचं अंतर कशानं कापायचं ते आधी विचारा.

इथे एक नवी गोष्ट. शहरातल्या जुन्या नावांचा दर्जा बदलतोय. १९४२ ची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) २०२३ मध्ये राज्याचं सार्वजनिक विद्यापीठ झाली, रामदेवबाबा कॉलेज २०२४ मध्ये खासगी विद्यापीठ. दर्जा बदलला की जुना कट-ऑफ, जुनं शुल्क, जुनी सवलत यांतलं काहीच गृहीत धरता येत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली, पण त्यातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत, आणि व्यवस्थापन कोट्यालाही ती लागू नाही. ज्या घरात मुलीचा प्रवेश या सवलतीवर अवलंबून आहे तिथे हा प्रश्न पहिला विचारायचा, कॅम्पस किती हिरवा आहे हा नंतर.

नॅक, एनबीए, यूजीसी

नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) श्रेणी संस्थेची असते, शाखेची नाही. ३.५१ पासून ए++, ३.२६ पासून ए+, ३.०१ पासून ए. मुदत बघा, संपलेली श्रेणीही फलकावर तशीच राहते. शाखेसाठी एनबीए, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ. तिच्या साइटवर शाखेचं नाव आणि वैधतेची तारीख मिळते. परदेशी उच्च शिक्षणाचा विचार असेल तर ‘टियर १’ आहे का ते बघा; वॉशिंग्टन करारातली (इंजिनीअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मानण्याच्या करारातली) मान्यता त्यालाच लागू होते. नव्या एआय-डेटा सायन्सच्या शाखांना एनबीए नसणं स्वाभाविक आहे, कारण आधी तुकड्या बाहेर पडाव्या लागतात.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) बनावट विद्यापीठांची यादी एकदा उघडाच. तिच्यात नागपूरचंही नाव अनेक वर्षं आहे: राजा अरेबिक युनिव्हर्सिटी.

ॲप आणि समुपदेशक

प्रेडिक्टर ॲपबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय निकाल दाखवत नाहीत, आणि नंबर टाकला की आठवडाभर भलत्याच शहरांतल्या विद्यापीठांचे फोन. कुठल्या फेरीचा आकडा धरलाय, एच की ओ, हे बहुतेक ॲप सांगतच नाहीत. चाळणी म्हणून पाच मिनिटं वापरायला हरकत नाही.

समुपदेशक सगळेच वाईट नसतात. आई-वडील दोघंही कामावर, इंटरनेटची सवय नाही, गाव गोंदियाच्या पलीकडे, अशा घराला चांगला समुपदेशक उपयोगी पडतो, विशेषतः कागदपत्रांसाठी: जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र नेमक्या कोणत्या तारखेपर्यंतचं लागतं, याची आठवण वेळेवर देणारं कुणीतरी हवंच. पण फॉर्मची ई-पडताळणी आणि सुविधा केंद्रावरची मदत मुळात फुकट आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं का बघा. पैसे देण्याआधी विचारा: माझा रकाना एच की ओ? गेल्या वर्षी या शाखेच्या जागा किती होत्या, यंदा किती? पहिल्या सहांत हीच नावं का? उत्तर ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं आलं तर उठा.

लॉगिनचा पासवर्ड मागणाऱ्याला नाही म्हणा. ऑप्शन फॉर्म पक्का करताना येणारा ओटीपी तुमच्याच फोनवर राहू द्या. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडेही ‘ठेवायला’ द्यायचा नाही. ‘सीट पक्की करून देतो, डोनेशन बोलून घेऊ’ म्हणणारा तर सरळसरळ बेकायदा बोलतोय; राज्यात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ पासून आहे.

एकाच वेळी दोन ठिकाणी पैसे अडकवायची वेळ आलीच तर यूजीसीच्या २०१८ च्या परताव्याच्या टप्प्यांची छापील प्रत जवळ ठेवा. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास १०० टक्के (प्रक्रिया खर्च वजा, तोही जास्तीत जास्त ५,०००), त्यापेक्षा कमी दिवस उरले असताना ९०, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, पुढे ३० दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. कॅपमधून घेतलेला प्रवेश रद्द करण्याची तारीख आणि कपात मात्र सीईटी सेलच्या वेळापत्रकाप्रमाणे. ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहा, कारण कॉलेजचा क्लार्क त्या दिवशी स्वतःहून फोन करणार नाही.